पहिल्या घाण्याचं तेल

गिरणीला सुट्टी होती, तरी आप्पा सकाळीच तिथे जाऊन बसले होते. धाकट्या नातवाच्या तोंडात आज पहिल्यांदा शेंगदाणा जायचा होता, आणि तो दाणा दुसऱ्या कुणी निवडावा हे त्यांच्या पचनी पडणारं नव्हतं. चष्मा कपाळावर चढवून ते एकेक दाणा खिडकीच्या उजेडात धरत होते. सुरकुतलेला बाजूला, डागाळलेला बाजूला, जरा काळपट दिसला तर सरळ केराच्या डब्यात. तेलाच्या धंद्यात केस पांढरे झालेला माणूस, पण आज एकेक दाणा दोनदोनदा उलटून बघत होता.

"आप्पा, चमचाभर वाटायचंय," थोरली सून मिक्सरचं भांडं घेऊन समोर उभी होती. "गाव जेवायला बोलावलेलं नाहीये."

"भांडं धुतलंस का?"

"दोनदा. तुमच्यासमोर."

"मग अजून एकदा धू."

थोरलीने नाक मुरडलं आणि गेली धुवायला. कुठे बोलावं आणि कुठे मुकाट्याने भांडं धुवावं, हे तिला आता बरोब्बर कळत होतं.

हा घाट खरं तर घरी घालता आला असता. पण घरात दाण्याला बंदी होती. धाकट्या सुनेची मोठी मुलगी, खारूताई, वर्षाची झाली तेव्हा आप्पांनी भाजलेल्या दाण्याचा चिमूटभर कूट तिच्या जिभेवर ठेवला होता. ज्या दाण्यावर घर उभं राहिलं त्याची नातीला ओळख व्हावी, एवढंच कौतुक. बघता बघता पोरीचे ओठ सुजले, अंगावर गांध्या उठल्या, छातीतून शिट्टीसारखा आवाज यायला लागला. तेलाचे डबे पोचवायच्या टेम्पोतून तिला दवाखान्यात नेलं होतं. पोर वाचली, आणि त्या दिवसापासून तीन पिढ्यांच्या तेलवाल्यांच्या घरात दाणा शिरला नाही. खारूताई हे लाडाचं नावसुद्धा आप्पांचंच. नात दाण्यांच्या ढिगावर बसून खारीसारखी कुरतडत राहील, असं त्यांना तिच्या जन्माच्या वेळी वाटलं होतं. देवाला विनोद करायची हौस कुठे आणि केव्हा येईल, काही सांगता येत नाही.

तेव्हापासून गिरणीतले सगळे गिरणीतच आंघोळ करून, कपडे बदलून घरी येत. तरी दारात खारूताई उभी असायचीच. "हात दाखवा." मग बाप असो, काका असो की खुद्द आप्पा, उंबऱ्याबाहेर उभं राहून हात पुढे करायचे. ती तळवे बघणार, पालथे करून बघणार, बोटांच्या बेचक्यात बघणार, आणि "स्वच्छ आहेत" म्हणाली की मगच आत पाऊल टाकायचं. चार वर्षांच्या त्या अधिकाऱ्यापुढे कुणाचा वशिला चालत नसे. आज तिला सांभाळायला थोरलीचा नवरा घरी थांबला होता.

बाहेर गाडी थांबली. धाकटी भोपळ्याला कडेवर घेऊन गिरणीच्या ऑफिसात आली. भोपळ्या नावाला जागणारा होता, नुकताच सहा महिन्यांचा होऊन सातव्यात लागलेला, गोल, जड आणि दिसेल त्याच्यावर खूश. तिच्यामागून तिचा नवरा आला, हातात दवाखान्यातून दिलेल्या औषधाची पिशवी. आणि त्याच्यामागून, पदर नाकाशी धरून, सासूबाई.

आप्पांच्या हातातला दाणा खाली पडला. "तू आलीस?"

"आले," सासूबाई म्हणाल्या. "काय व्हायचं ते माझ्या डोळ्यांदेखत होऊ दे."

खारूताईला दवाखान्यात नेलं त्या दिवसापासून त्यांनी गिरणीची पायरी चढली नव्हती. पदराला चिकटून एखादा कण घरी गेला तर, ही धास्ती. आंघोळीचा नियम त्यांचाच. नातीसाठी त्यांनी काय काय सोडलं होतं, हे धाकटी जाणून होती. आणि म्हणूनच गेला पंधरवडा तिच्या पोटात एक गोष्ट अडकून बसली होती.

मूळ गोष्ट दुधाची. खारूताई दिवस भरायच्या आत झाली होती, काडीसारखी, आणि धाकटीला दूध पुरलं नव्हतं. तिने सगळं करून पाहिलं. शेवटी पावडरचं दूध आणि बाटली. पुढे दाण्याचं ते प्रकरण झालं, आणि सासूबाईंना एक वाक्य सापडलं. "आईचं दूध मिळालं असतं, तर पोर अशी निघाली नसती." त्या ते रागाने म्हणत नसत, हीच तर पंचाईत. रागाने म्हणाल्या असत्या तर भांडता आलं असतं. त्या ते सुस्कारा टाकून म्हणत, शेजारणीला सांगत, पाहुण्यांना सांगत, एकदा तर धाकटीच्या आईलाच सांगितलं. धाकटी खाली मान घालून ऐकत असे. ऐकता ऐकता तिला ते खरंही वाटायला लागलं होतं.

भोपळ्याच्या वेळी तिने जिद्दच धरली. सहा महिने फक्त अंगावरचं. वरचं दूध नाही, पाण्याचा थेंब नाही. ताप आला तरी पाजलं, छातीत गाठी आल्या तरी दात आवळून पाजलं. प्रत्येक वेळी त्याला छातीशी लावताना ती त्या वाक्याला उत्तर देत होती. आणि चौथ्या महिन्यात भोपळ्याच्या गालांवर, कोपराच्या वळ्यांत लाल, कोरडे चट्टे आले. हुबेहूब खारूला यायचे तसे. त्या दिवशी ती न्हाणीघराचं दार लावून पोटभर रडली. मग तिने आतापर्यंत काय केलं होतं? कशासाठी केलं होतं?

पंधरवड्यापूर्वी ती थोरलीला सोबत घेऊन ॲलर्जीच्या डॉक्टरबाईंकडे गेली होती. डॉक्टरबाईंनी भोपळ्याच्या हातावर औषधांचे थेंब टाकून, टोचून तपासणी केली. दाण्याच्या थेंबाखाली काहीच उठलं नाही.

"अंगावर पाजलंत हे उत्तम केलंत, पुढेही पाजत राहा," त्या म्हणाल्या होत्या. "त्याचे फायदे पुष्कळ आहेत. पण दूध म्हणजे चिलखत नव्हे. अंगावर पिणाऱ्या मुलांनाही ॲलर्जी होते, आणि बाटलीवरची पुष्कळ मुलं ठणठणीत असतात. मोठीच्या वेळी तुमचा दोष नव्हता, आणि आताही नाही."

धाकटीला हे वाक्य पुन्हा एकदा म्हणायला सांगावंसं वाटलं होतं.

मग डॉक्टरबाईंनी विचारलं, "मोठीचीही कातडी अशीच फुटायची? तेव्हा काय लावत होतात?"

"आमच्याच गिरणीचं शेंगदाण्याचं तेल," थोरलीने अभिमानाने सांगितलं. "सासूबाई रोज चोळायच्या. एकदम शुद्ध, बाजारात मिळायचं नाही असं."

डॉक्टरबाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग त्यांनी हळूहळू समजावलं. फुटलेल्या कातडीतून दाण्याचा अंश अंगात गेला, तर शरीर त्याला शत्रू समजायला शिकू शकतं. तोच वेळेवर तोंडावाटे गेला, तर बहुधा ओळखीचा होतो. बाजारातल्या रिफाइन केलेल्या तेलात दाण्याचा अंश जवळपास उरत नाही, घरच्या कच्च्या तेलात उरतो. "तुमच्या मुलीच्या बाबतीत असंच झालं, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. शक्यता आहे, एवढंच. याच्या बाबतीत मात्र उशीर करू नका. पातळ वाटण चमच्याच्या टोकावर द्या, दहा मिनिटं वाट बघा, मग उरलेलं द्या. आणि पुढे नेमाने देत राहा. अख्खा दाणा मात्र इतक्यात अजिबात नाही."

परतताना थोरली रिक्षात पेटली होती. "आता ठेव त्यांच्या पुढ्यात! इतकी वर्षं तुझ्या दुधाचा उद्धार केला. मीही मेली शेजारी बसून मान डोलवायचे. माझीच मला लाज वाटली आज."

रात्री नवऱ्याला सांगितलं, तर तो म्हणाला, "आईला नको सांगूस. मोडून जाईल ती."

"आणि मी मोडले तेव्हा?" धाकटीने विचारलं होतं. त्याने उगाच समजूत घालायचा आव आणला नाही, एवढं त्याचं चांगलं.

आता ऑफिसातल्या टेबलावर स्वच्छ फडकं अंथरलं होतं. थोरलीने गुळगुळीत वाटण वाटीत काढलं. धाकटीने घरून छोट्या बाटलीत काढून आणलेलं स्वतःचं दूध त्यात घातलं आणि ती ढवळू लागली.

"अगं, पण कशाला हे?" सासूबाई म्हणाल्या. "एकीचं झालं ते पुरे नाही का? डॉक्टरांचं काय जातं, पोर आपलं आहे."

"आई, तपासणी झाली आहे," नवरा म्हणाला. "औषध जवळ आहे. दवाखाना पलीकडच्या रस्त्यावर आहे."

"तपासणीचं मला सांगू नकोस. मी ते ओठ सुजलेले पाहिलेत." त्यांनी भोपळ्याच्या डोक्यावरून हात फिरवला. "छान अंगावरचं पितोय. वर्षभर तेच पाज त्याला. त्याला काही होत नाही बघ. खारूला तेच मिळालं नाही, म्हणून तर..."

पुढचं वाक्य त्यांनी उच्चारलं नाही. गरजच नव्हती, खोलीतल्या सगळ्यांना ते पाठ होतं. धाकटीचा चमचा वाटीत थांबला. तिला वाटलं, आता बोलावं. तोंड उघडलं की झालं. तिने नवऱ्याकडे पाहिलं, तो जमिनीकडे बघत होता.

"आई, बास झालं," थोरली म्हणाली.

सासूबाईंनी चमकून पाहिलं. थोरली म्हणजे त्यांचा उजवा हात. त्यांच्या बोलण्यावर तिने 'बास' म्हटल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

"दुधाचा काही संबंध नाही. डॉक्टरांनी माझ्यासमोर सांगितलंय. आणि त्यांनी दुसरंही विचारलं. खारूच्या अंगाला काय लावायचात म्हणून."

"ताई, नको," धाकटी म्हणाली. आपणच तिला अडवतोय, याचं तिला नवल वाटलं.

"का नको? तू नाही बोलणार, तो नाही बोलणार, मग कुणी बोलायचं? आई, तेल. आपलं तेल. फुटलेल्या अंगावर रोज चोळलेलं. त्यानेच झालं असेल, असं त्या म्हणाल्या."

"असेल म्हणाल्या," धाकटी घाईने म्हणाली. "नक्की म्हणाल्या नाहीत."

सासूबाई खुर्चीत टेकल्या. त्यांनी काही म्हणायच्या आत आप्पांचा आवाज आला, घोगरा.

"पहिल्या घाण्याचं तेल. मी स्वतः वेगळं काढून ठेवायचो. गिऱ्हाइकाला दिलं नाही, नातीसाठी ठेवलं."

भोपळ्या वाटीकडे हात करून आपली बाजू जोरात मांडत होता.

"रात्रभर खाजवायची ती," सासूबाई म्हणाल्या. त्या आपल्या हातांकडे बघत होत्या. "रक्त यायचं. मी तेल लावलं की निजायची. मला वाटायचं, माझ्या हाताला गुण आहे."

ही घटका आली की आपल्याला कसं वाटेल, याची उजळणी धाकटीने पंधरवडाभर केली होती. भांडी घासताना, भोपळ्याला पाजताना, आंघोळ करताना. छाती हलकी होईल, ताठ मानेने बोलता येईल, असं वाटलं होतं. तसलं काही झालं नाही. तिला त्या रात्री आठवल्या. तिचं बाळंतपणाचं अंग दुखत असायचं, आणि दाराशी येऊन सासूबाई म्हणायच्या, "दे इकडे, तू नीज." ती पोर त्या हातांत द्यायची आणि दगडासारखी झोपायची. ती झोप तिला दुसऱ्या कुणीही दिली नव्हती.

"आई, हे असंच झालं असं काही..." नवऱ्याने सुरुवात केली.

"तू गप्प बस. मला समजावू नकोस." सासूबाईंनी धाकटीकडे मान वळवली. "तुला कधीपासून माहीत आहे?"

"पंधरवडा झाला."

"आणि बोलली नाहीस?"

"बोलणार होते. रोज ठरवायचे."

"मग?"

"रोज तुम्ही खारूची वेणी घालत असायचात."

सासूबाईंनी पदर तोंडाशी नेला. थोरली खिडकीकडे वळली. इतका वेळ पेटलेली ती आता उगाचच खिडकीची कड पुसत होती.

"मी तुला इतकी वर्षं..." सासूबाई पदराआडून म्हणाल्या.

'जाऊ द्या हो' म्हणणं सोपं होतं. सवयीने ते धाकटीच्या ओठांपर्यंत आलंही होतं. तिने ते गिळलं.

"हो. बोललात," ती म्हणाली. "माझ्या आईसमोरही बोललात. मला त्याचा राग आहे, आई. तो आजच्या आज जाणार नाही, आणि गेल्याचं नाटक मी करणार नाही. माझ्या अंगातच काहीतरी खोट आहे, असं वाटायचं मला. खारूला जवळ घ्यायला लाज वाटायची." तिने चमचा वाटीच्या कडेला टेकवला. "पण तेल तुम्ही मायेने लावलंत. ती तुमची चूक असं मी म्हणणार नाही. कुणीतरी तसं म्हणत राहिलं की कसं होतं, ते मला चांगलं माहीत आहे."

मग तिने वाटी आणि चमचा त्यांच्यापुढे सरकवला.

"तुम्ही भरवा."

"मी? या हातांनी?"

"याच हातांनी. मला त्याला धरून बसायचंय. आणि माझे हात बघा कसे कापताहेत."

सासूबाईंनी तिच्या हातांकडे पाहिलं. त्या उठल्या, कोपऱ्यातल्या नळावर कोपरापर्यंत हात धुतले, पुसले, पुन्हा धुतले. मग खुर्ची ओढून सुनेच्या गुडघ्याला गुडघा लावून बसल्या. चमच्याच्या टोकावर थोडंसं वाटण घेतलं.

"अहो," त्या आप्पांना म्हणाल्या, "टेम्पोची किल्ली?"

"हातात आहे," आप्पा म्हणाले. किल्ली खरोखरच त्यांच्या मुठीत होती, सकाळपासून.

भोपळ्याने तोंड उघडलं. चमचा आत गेला. त्याने जीभ फिरवली, कपाळाला आठ्या घातल्या, आजीकडे संशयाने पाहिलं आणि गिळलं. मग वाट बघणं सुरू झालं. धाकटी त्याचे ओठ बघत होती, नवरा त्याचं पोट उघडं करून अंग बघत होता, थोरली घड्याळ बघत होती आणि आप्पा दाराकडे तोंड करून उभे होते. सासूबाईंचे डोळे मिटलेले होते.

भोपळ्या जोरात शिंकला.

आप्पा टेम्पोपर्यंत पोचलेसुद्धा. "आप्पा, शिंकलाय तो!" थोरली मागून ओरडली. "गिरणीत धूळ आहे, मीसुद्धा सकाळपासून शिंकतेय!" आप्पा परत आले, पण किल्ली काही खिशात ठेवली नाही.

डॉक्टरांनी सांगितलेला वेळ भरला. ओठ होते तसेच होते, पोट होतं तसंच होतं, फुगलेलं, पण ते जन्मापासूनच. भोपळ्याने वाटीची कड पकडली आणि ती तोंडाकडे ओढायला सुरुवात केली. सासूबाईंनी दुसरा चमचा भरवला. मग तिसरा. त्यांच्या गालांवरून पाणी ओघळत होतं, पण हात अगदी स्थिर होता.

"चव कळली गड्याला," आप्पा म्हणाले, आणि पाठ फिरवून बराच वेळ रिकाम्या पोत्याची घडी घालत बसले.

निघण्यापूर्वी थोरलीने गिरणीतल्या न्हाणीघरात पाणी तापवलं. आधी भोपळ्याला न्हाऊ घातलं, मग एकेक करून सगळ्यांच्या आंघोळी झाल्या. सासूबाई सगळ्यांत शेवटी गेल्या. त्या इतका वेळ बाहेर येईनात की धाकटीने दार वाजवलं. आतून नुसता पाण्याचा आवाज येत होता. "आई, झालं असेल आता," ती म्हणाली. बऱ्याच वेळाने पाणी थांबलं.

घराच्या दारात खारूताई कमरेवर हात ठेवून उभी होती. एक वेणी सुटून खांद्यावर आली होती, काकांना तेवढं कुठलं जमायला. बापाचे हात बघून झाले, आईचे झाले, काकूचे झाले. आप्पांची नखं जरा जास्तच वेळ तपासली गेली. भोपळ्याच्या दोन्ही मुठी उघडून बघितल्या. मग तिला पायरीखाली उभी असलेली आजी दिसली.

"आजी, तू पण गेली होतीस?"

"हो गं."

"मग हात दाखव."

सासूबाईंचे हात पदराखालून बाहेर येईनात. धाकटी उंबऱ्याच्या आत थांबली होती. तिला पुढे व्हावंसं वाटलं, पण ती जागची हलली नाही. हे तिचं काम नव्हतं.

"आजी, दाखव ना!" खारूताई दोन पायऱ्या उतरली आणि तिने पदराखालचे ते हात स्वतःच बाहेर ओढले. पाण्याने सुरकुतलेले, लाल झालेले. तिने तळवे बघितले, पालथे केले, एकेक बोट वेगळं करून बेचक्यात बघितलं.

"स्वच्छ आहेत," ती म्हणाली.

"नीट बघ," सासूबाई म्हणाल्या. "पुन्हा एकदा बघ, माझे बाई."

खारूताईने वैतागून एक सुस्कारा टाकला, अगदी आजीसारखाच, आणि पुन्हा बघितलं. "स्वच्छच आहेत गं. चल ना आत, माझी वेणी सुटलीये."